खरेदीखतातील कलम

वाचावयाचा शास्त्रभाग : यिर्मया, अध्याय ३२, ओव्या ६ ते १५, आणि अध्याय ३६, ओव्या २० ते ३२



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील मंडळीच्या पंचांकडून आम्हांस एक पत्र आले. मंडळीचे नाव आम्ही सांगत नाही. कारण पत्रातली गोष्ट पुष्कळ मंडळ्यांची असू शकेल. पंच लिहितात की, मंदिराचे छप्पर गळू लागल्यामुळे दप्तराची पेटी बाहेर काढावी लागली. जुन्या वह्यांस वाळवी लागली होती, म्हणून त्या नव्याने बांधून घ्याव्या असे ठरले. आणि बांधणाऱ्याकडे देण्यापूर्वी पाने मोजीत असता एका पानावर फार जुना ठराव सापडला. गावातील दुसऱ्या वाड्यातून नव्याने प्रभूकडे आलेल्या घराण्यांनी उपासनेच्या वेळी दाराजवळच्या सतरंजीवर बसावे, आणि प्रभुभोजनाचा प्याला त्यांस सर्वांच्या शेवटी द्यावा, असा तो ठराव. खाली पाच सह्या आणि दोन अंगठे. त्यांपैकी दोन सह्या आज पंच असलेल्या गृहस्थांच्या आजोबांच्या.

हे पान फाडावे की ठेवावे, एवढेच त्यांनी विचारले होते. आता त्याप्रमाणे कोणी वागत नाही, मग नातवंडांच्या दृष्टीस ते कशाला पडू द्यावे, असे एका पंचाचे म्हणणे होते. दुसरे म्हणत की, मंडळीचे दप्तर फाडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आम्ही लागलीच उत्तर पाठविले नाही. त्याच दिवसांत आम्ही अमेरिकेतील घरांच्या खरेदीखतांविषयी वाचीत होतो. तिकडच्या हजारो घरमालकांपुढे अलीकडे बहुतेक हाच प्रश्न येऊन ठेपला आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो. पंचांच्या पत्राकडे मागाहून येऊ.

सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला, म्हणजे जमीन विकली तरी बोजा सुटत नाही, तो जमिनीबरोबर नव्या मालकाच्या माथी येतो, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून घरांच्या खतांत असाच एक बोजा लिहिण्याची चाल पसरली. तो पैशाचा नव्हता, माणसाच्या वर्णाचा होता. हे घर अमुक वंशाच्या मनुष्यास विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याने येथे वस्ती करू नये, असे कलम खतात घालीत. घर दहा वेळा विकले तरी कलम त्याला चिकटून राही. कित्येक कलमांस पन्नास वर्षांची मुदत असे, कित्येकांस मुदतच नसे. कोणी ते मोडले तर शेजारच्या मालकाने कोर्टात जावे आणि नव्या बिऱ्हाडास बाहेर काढावे, अशी सोय होती.

कोणास मज्जाव करावा, ह्याची यादी गावागणिक निराळी. मिनियापोलिस शहरातील १९१० सालच्या एका खतात चिनी, जपानी, मूर, तुर्क, नीग्रो, मंगोल आणि आफ्रिकन इतक्या रक्तांची नावे आहेत. एका कुटुंबाला घर विकताना इतक्या जातींची आठवण ठेवावी लागली, ह्याचे आम्हांस नवल वाटते. पश्चिम किनाऱ्यावरील खतांत आशियातील सर्व लोकांस बंदी असे, आणि कित्येकांत ‘हिंदू’ हा शब्दही आढळतो. तेथे त्या शब्दाचा अर्थ धर्माचा नव्हता. हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक मनुष्य, मग तो शीख असो, मुसलमान असो की आमच्यासारखा ख्रिस्ती असो, त्या कागदाच्या दृष्टीने हिंदूच. नगर जिल्ह्यातला एखादा पाळक हाती शास्त्र घेऊन तेथे घर मागावयास गेला असता, तर त्यालाही तेच कलम दाखविले गेले असते. वैष्णोदास बगाई नावाचे पेशावरचे व्यापारी १९१५ साली पत्नी कलाबाई आणि तीन मुले ह्यांसह त्या देशात गेले. त्यांनी बर्कली गावात घर विकत घेतले. सामान घेऊन ते पोहोचले तो शेजाऱ्यांनी घराला कुलपे घातलेली होती. अशा शेजारात मुलांना वाढवावयाचे नाही असे म्हणून ते परत फिरले. त्याच बर्कलीच्या नगरसभेने २०२० साली एका रस्त्यास कलाबाई बगाई ह्यांचे नाव देण्याचे ठरविले.

सिअॅटल शहरातील कित्येक खतांत ‘हिब्रू’, म्हणजे यहूदी, हाही शब्द होता. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपला प्रभु देहाने यहूदी होता. त्याची माता यहूदी, त्याचे बाराही प्रेषित यहूदी. ज्या रस्त्यावर रविवारी सकाळी त्याच्या नावाने घंटा वाजे, त्याच रस्त्यावर नासरेथच्या त्या सुताराला एक खोली भाड्याने देता आली नसती. तशी शर्तच होती, आणि ती रीतसर नोंदलेली होती. बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती, तो तरी गर्दीचा प्रसंग होता.

बहुतेक खतांत एक सवलत असे. बंदी असलेल्या वंशाचा मनुष्य मालकाच्या घरचा चाकर असेल तर त्याने तेथे राहावे, त्याला हरकत नाही. म्हणजे त्याच्या हातचे जेवण चाले, त्याच्या हातांनी लेकरे न्हाऊन निघत, आजाऱ्याची उशी त्याच हातांनी नीट होई. शेजाराला त्याचा वास सोसत होता, श्वास सोसत होता. सोसत नव्हती ती खतावरची त्याची सही. आमच्या मते त्या सगळ्या कागदात सर्वांत खरे बोललेले वाक्य हेच होय. शुद्धाशुद्धतेचे, रक्ताचे, घराच्या किमतीचे जे काही सांगितले जाई, ते ह्या एका सवलतीने खोटे ठरते. मनुष्य आपला चाकर म्हणून जवळ चालतो आणि शेजारी म्हणून चालत नाही, एवढीच ती सारी गोष्ट. खेड्यात राहणाऱ्या वाचकांस ह्याचा अर्थ आम्ही फोडून सांगावा असे नाही.

ही चाल इतकी कशी पसरली, तेही पाहण्याजोगे आहे. आरंभी काही शहरांनी कायद्यानेच वर्णवार मोहल्ले ठरविले. लुईव्हिल शहराचा तसला कायदा तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयाने १९१७ साली रद्द केला. तेव्हा जे नगराला करता येईना ते शेजाऱ्यांनी आपसांत करार करून केले. १९२६ साली असल्या कराराचा एक दावा त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्तींनी त्यात हात घातला नाही. पुढे १९३४ साली घरबांधणीच्या कर्जांस हमी देणारे सरकारी खाते निघाले. त्या खात्याच्या १९३८ सालच्या नियमपुस्तकात अशी कलमे असावीत अशी शिफारसच होती. म्हणजे शेजाऱ्याने भिंत बांधावी आणि सरकारने चुना पुरवावा, असे झाले. आणि ज्याला त्या काळी घर घेता आले नाही, त्याच्या मुलाला ते वारशाने मिळाले नाही, नातवाला ते गहाण ठेवून शिकता आले नाही. कागदावरचे कलम एका ओळीचे; पण त्याची लांबी तीन पिढ्या.

आता सेंट लुईस शहरातील एका घराची गोष्ट. लॅबडी नावाच्या रस्त्यावरील एकोणचाळीस मालकांपैकी तिसांनी १९११ साली करार लिहून दिला, की पन्नास वर्षे येथे नीग्रो व मंगोल वंशाच्या कोणास राहू द्यावयाचे नाही. ह्यात चमत्कारिक गोष्ट ही की, करार झाला त्या दिवशीच त्या टापूतील पाच जागा कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या होत्या, आणि एकीत तर तसली कुटुंबे १८८२ सालापासून राहत होती. शेजारी ज्यांना म्हणावयाचे ते समोरच होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांस येथे राहू देणार नाही असे लिहिले गेले. १९४५ साली जे. डी. शेली आणि त्यांची पत्नी एथेल ह्यांनी ह्याच रस्त्यावर घर घेतले. ते मिसिसिपीकडून आलेले कष्टकरी कुटुंब, सहा मुलांचे. खतात काय आहे ह्याची त्यांस कल्पना नव्हती. थोड्याच आठवड्यांत क्रेमर नावाच्या दांपत्याने त्यांच्यावर दावा लावला.

दावा क्रेमरांच्या नावाने होता खरा, परंतु त्याच्या पाठीशी त्या वस्तीची एक सुधारणा-सभा होती, आणि त्या सभेस आधार होता जवळच्याच कोट ब्रिलियांट प्रेस्बिटेरियन मंडळीचा. तिच्या विश्वस्तांनी मंदिराच्या तिजोरीतून दाव्यासाठी पैसा दिला. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. ज्या देशातून अमेरिकन मराठी मिशनचे पहिले उपदेशक १८१३ साली मुंबईस उतरले, तोच हा देश. आणि प्रेस्बिटेरियन हे नाव आमच्या कोल्हापूर-मिरज भागातील मंडळ्यांस परके नाही. त्याच मंडळीने आमच्याकडे माणसे पाठविली असे आमचे म्हणणे नाही, आणि ज्यांनी आमच्यासाठी हाडे झिजविली त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु दानपेटीतला पैसा कोठे गेला, हे प्रभु पाहतो. विधवेच्या दोन टोल्या जेथे पडल्या तेथे तो बसून पाहत होता, तर एका कुटुंबाला घराबाहेर काढण्यास दिलेला पैसा त्याच्या नजरेतून कसा निसटेल? दुसऱ्या बाजूस हेही सांगितले पाहिजे, की शेली कुटुंबाला ते घर दाखविणारे गृहस्थ त्यांच्या स्वतःच्या मंडळीचे पाळक होते. एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या दोन मंडळ्या. एक दार उघडीत होती आणि दुसरी तेच दार लावण्यास वकील देत होती.

शेलींचे वकील जॉर्ज व्हॉन ह्यांनी खटला थेट राजधानीपर्यंत नेला. १९४८ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस सर्वश्रेष्ठ न्यायालयाने निकाल दिला. नवांपैकी तीन न्यायमूर्ती ह्या खटल्यास बसलेच नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही. पण त्यांच्या स्वतःच्या घरांच्या खतांत असेच कलम असावे, असा तर्क लोक तेव्हापासून करीत आले आहेत. उरलेल्या सहांचा निकाल एकमताचा होता, आणि तो मुख्य न्यायमूर्ती विन्सन ह्यांनी लिहिला. माणसे आपसांत असला करार लिहोत. परंतु तो पाळावयास लावण्यासाठी कोर्टाने आपला हात द्यावयाचा नाही, कारण कोर्टाचा हात म्हणजे राज्याचा हात, असे त्याचे तात्पर्य. शेली आपल्या घरात राहिले. त्या घरास १९९० साली राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. आणि त्या कोट ब्रिलियांटच्या मंदिरात पुढे कृष्णवर्णीय मंडळीच जमू लागली. देवाच्या विनोदास तोड नाही.

मात्र निकालाचे शब्द नीट पाहा. कलम पाळावयास लावता येईना, पण कलम लिहिण्यास बंदी झाली नाही. १९४८ नंतरही लोक ते लिहीतच राहिले. १९६८ सालच्या एप्रिलात डॉक्टर मार्टिन लूथर किंग ह्यांचा खून झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरात घरांच्या बाबतीत वर्णभेदास मनाई करणारा कायदा झाला. तेव्हा ते कायद्याने मेले. मेले, पण पुरले गेले नाही. दस्त नोंदविणाऱ्या कचेऱ्यांत ते तसेच पडून राहिले. आणि घर विकले गेले की नव्या मालकाच्या हाती जुन्या खताच्या नकलेबरोबर पुन्हा येत राहिले. एखादे कृष्णवर्णीय जोडपे आयुष्याची पुंजी घालून घर घेते, रात्री दिव्याशी कागद वाचू लागते, आणि आपल्यासारख्यांनी येथे राहू नये असे आपल्याच घराच्या खतात वाचते. कोणी सांगेल की, ह्या ओळीत आता जोर नाही. खरे आहे. पण मेलेला विंचू अंथरुणात सापडला तरी मनुष्य दचकतोच.

म्हणून गेल्या काही वर्षांत ही ओळ काढण्याची चळवळ उभी राहिली. मिनेसोटा विद्यापीठातील काही अभ्यासकांनी २०१६ पासून जुनी खते वाचावयास घेतली. हजारो सामान्य लोकांनी फुरसतीत बसून पानेच्या पाने वाचली, आणि एकट्या मिनियापोलिसात अशी सुमारे ८,००० कलमे सापडली. नकाशावर ती रंगवून दाखविल्यावर, शहरातील काळी वस्ती व गोरी वस्ती आपोआप झाली नसून लिहून झाली आहे, हे लोकांस दिसले. २०१९ साली त्या राज्याने कायदा केला, की मालकाने एक कागद नोंदवून आपल्या घरावरील असे कलम सोडून दिल्याचे जाहीर करावे. काही नगरांतील वकिलांनी हे काम विनामूल्य करून दिले. कॅलिफोर्नियाने २०२१ साली आणखी पुढे जाऊन, प्रत्येक जिल्ह्याच्या दस्त-कचेरीनेच आपली दप्तरे शोधून असल्या ओळी झाकाव्या असा कायदा केला. सांता क्लारा जिल्ह्यात दप्तर एवढे, की माणसांनी वाचावयाचे तर वर्षे लागतील. तेथे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी यंत्राकडून ५२ लाख दस्त वाचून घेतल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

आणि येथे तोच प्रश्न उभा राहिला, जो आमच्या पंचांनी विचारला. ओळ काढावयाची म्हणजे काय करावयाचे? पुसून टाकावयाची? पुष्कळांस हेच योग्य वाटले. घाण आहे, धुऊन टाका. पण ज्यांच्या वाडवडिलांस त्या ओळीने बाहेर ठेवले, त्यांतील कित्येकांनीच हात वर केला. ते म्हणाले, ओळ पुसली तर उद्या आम्ही कशाच्या आधारे सांगावे की आम्हांस बाहेर ठेवले होते? तुम्ही म्हणाल, असे कधी झालेच नाही.

ह्या ठिकाणी यिर्मयाच्या पुस्तकातील दोन कागद आम्ही आपल्यापुढे ठेवितो. पहिला कागद ३२ व्या अध्यायातील. यरुशलेमेस बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो चुलतभाऊ हनामेल ह्याजकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदार सह्या करितात. खताच्या दोन प्रती होतात, एक मोहर केलेली व एक उघडी. आणि त्या दोन्ही बारूखाच्या हाती देऊन, पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या पात्रात ठेवविल्या जातात. दुसरा कागद ३६ व्या अध्यायातील. यिर्मयाने राजाचे व प्रजेचे अपराध लिहविले आहेत. थंडीचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसला आहे, यहूदी नावाचा सेवक तीन-चार स्तंभ वाचतो, आणि राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापून विस्तवात टाकितो, असे सर्व पट जळेपर्यंत. राजाला वाटले, कागद गेला म्हणजे गोष्ट गेली. मग देवाने काय केले? दुसरा पट घ्यावयास सांगितला, जळलेले सगळे शब्द पुन्हा लिहविले, आणि त्यांत आणखी तसल्याच शब्दांची भर पडली.

आपल्याविरुद्ध साक्ष देणारा कागद जाळणे, ही राजांची जुनी खोड होय. खत जपून ठेवणे, ही संदेष्ट्यांची. परंतु जपणे म्हणजे चालू ठेवणे नव्हे, हेही विसरता कामा नये. प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहिताना, आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख प्रभूने कसा नाहीसा केला हे सांगतो. त्याने तो चुलीत घातला असे पौल म्हणत नाही. तो वधस्तंभाला खिळला, असे सांगतो. वधस्तंभ शहराबाहेर वाटेवर उभा होता. येणारे-जाणारे तो पाहत होते. रद्द झालेला कागद चारचौघांत खिळलेला असतो. आत काय लिहिले होते ते वाचता येते, आणि त्यातून आरपार गेलेला खिळाही दिसतो.

ही गोष्ट अमेरिकेतील कायदे करणाऱ्यांच्या मनात होती असे नाही; पण जे त्यांनी शेवटी केले ते हिच्याशी बरेच मिळते. मिनेसोटात जुने खत जागच्या जागी राहते, त्याला जोडून सोडचिठ्ठी नोंदली जाते. कॅलिफोर्नियात मालकाच्या हाती जाणाऱ्या प्रतीत ओळ झाकलेली असते, पण मूळ प्रत राखून ठेवावी असे कायद्यातच आहे. उघडी प्रत आणि मोहर केलेली प्रत, अनाथोथच्या खताप्रमाणे.

तथापि सोडचिठ्ठी नोंदविणे स्वस्त आहे, आणि स्वस्त पश्चात्तापाविषयी आम्हांस नेहमी भय वाटते. काही घरांपुढे, ह्या घराने आपले कलम टाकून दिले आहे अशी पाटीही लागली. पाटी लावणाऱ्याच्या मनात चांगलेच असेल. पण ज्याच्या आजोबाला ते घर घेता आले नाही, त्याच्या हाती त्या पाटीने काय पडते? आपल्याकडेही २०२० सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलण्याचे ठरविले, ते योग्यच झाले. परंतु पाटी बदलल्याने विहिरीची वाट बदलते असे नाही. प्रभु जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने आपल्या जुन्या वहीतील आकडे खोडून दाखविले नाहीत. अर्धे द्रव्य दरिद्र्यांस आणि ज्याचे घेतले त्याला चौपट, असा हिशेब त्याने उभ्या-उभ्या मांडला. मग प्रभूने त्याच्या घराला तारण झाल्याचे सांगितले.

ह्या बाबतीत वॉशिंग्टन राज्याने जे केले त्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. तेथे आधी विद्यापीठांकडून खते शोधविली. मग २०२३ साली कायदा करून दस्त नोंदणीवर शंभर डॉलरांचा आकार बसविला, आणि त्या पैशातून, १९६८ सालच्या एप्रिलापूर्वी त्या राज्यात राहिलेल्या व असल्या भेदाने बाहेर ठेवल्या गेलेल्या लोकांस व त्यांच्या वंशजांस, पहिले घर घेताना भरावयाच्या रकमेसाठी बिनव्याजी कर्ज देण्याची योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. मूळ हिंदुस्थानातून गेलेल्यांचाही तीत समावेश आहे. ज्या कचेरीच्या वहीत अन्याय लिहिला गेला, त्याच कचेरीच्या खिडकीवर त्याची भरपाई गोळा व्हावी, ही युक्ती कोणाला सुचली हे आम्हांस ठाऊक नाही; पण त्याने लूककृत शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय वाचला असावा असे वाटते. ह्या योजनेविरुद्ध ओरडही पुष्कळ झाली. मी तर ते कलम लिहिले नाही, मी का शंभर डॉलर भरावे, असे लोक म्हणाले. त्यांस उत्तर एवढेच, की कलमाने राखलेले घर वारशाने घेताना मी ते बांधले नाही असे कोणी म्हटले नव्हते.

आता पंचांच्या पत्राकडे वळतो. आम्ही त्यांस कळविले की, पान फाडू नका. त्याच्यासमोर एक कोरे पान बांधवून घ्या. त्यावर आजची तारीख घालून लिहा, की समोरचा ठराव ह्या मंडळीने केला होता, तो करणे पाप होते, आणि तो आम्ही रद्द करितो. खाली सर्व पंचांनी सही करावी. ज्यांच्या आजोबांनी समोर सही केली आहे, त्यांनी पहिल्याने करावी. मग दोन्ही पाने उपासनेत मोठ्याने वाचावी. मात्र त्यापूर्वी ज्या घराण्यांस दाराजवळ बसविले होते, त्यांच्याकडे जाऊन, वाचावे की नाही, हे विचारावे. कारण जखम त्यांची आहे, आणि ती चारचौघांत उघडावी की नाही हे ठरविण्याचा हक्कही त्यांचा.

महिन्याने दुसरे पत्र आले. पंच त्या घराण्यातील सर्वांत वडील बाईंकडे गेले होते. त्यांनी चहा केला, सर्व ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, “भाऊ, त्या पानात काय आहे ते मला सासूबाईंनी सांगितलंय. त्या दाराशी बसायच्या तेव्हा पावसात पाठ भिजायची. वाचा खुशाल. पण कबरस्थानात आमच्या माणसांची रांग अजून कुंपणाला लागून वेगळीच आहे, आणि तिकडं जायला वाट नाही. त्याचं कुठल्या वहीत लिहिलंय?”

पंचांनी सगळी वही पाहिली. त्याविषयी तीत एक अक्षर सापडले नाही. दोन्ही पाने नाताळापूर्वीच्या रविवारी वाचण्याचे ठरले आहे. कबरस्थानातील मधली तार काढून वाट करावयाची, तर एका पंचाच्या चुलत्याच्या कबरीजवळून जावे लागेल. त्यावर सभेत बोलणे चालू आहे. नव्या पानावर पाच सह्या झाल्या आहेत, दोन व्हावयाच्या आहेत. त्या मंडळीसाठी वाचकांनी प्रार्थना करावी.